इलेक्ट्रॉन, निरीक्षण आणि परमेश्वराचे सर्वज्ञत्व

पुनरुत्थानकाळातील दुसऱ्या रविवारी संत थोमाविषयीचे शुभवर्तमान वाचून झाल्यावर आम्ही प्रवचनात एक दाखला दिला. शिष्य दारे बंद करून बसले असता प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, यात अशक्य ते काय? आधुनिक विज्ञानही सांगते की इलेक्ट्रॉनासारखा कण, त्याला ओलांडता येऊ नये असा अडसर पार करून पलीकडे जातो. मग सृष्टीच्या स्वामीस दाराची अडचण ती काय! मंडळी प्रसन्न झाली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. मिस्सा आटोपल्यावर भरवेलीच्या खाणवसाहतीतील एक मुलगी वस्त्रागाराच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती बी. एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बालाघाटात उपासना हिंदीत चालते, परंतु तिच्या घरी मराठी बोलतात, म्हणून ती आमच्याशी मराठीतच बोलते. ती म्हणाली, "फादर, देव सगळे पाहतो ना? मग तो इलेक्ट्रॉनकडेही पाहत असणार. आमच्या पुस्तकात आहे की, इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने गेला हे कोणी पाहिले तर पडद्यावरचे पट्टे पुसले जातात. पण पट्टे तर दिसतात. मग देव पाहत नाही का?"

हाच प्रश्न तिने पूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गातही विचारला होता असे मागाहून कळले. तेथे तिला "असले प्रश्न श्रद्धेला घातक असतात" असे सांगून खाली बसविण्यात आले, आणि त्यानंतर ती वर्गास आलीच नाही. आमच्याकडे ती आली याचे कारण एवढेच की आम्ही इलेक्ट्रॉनाचे नाव व्यासपीठावरून घेतले होते. ज्याने विषय काढला त्याने उत्तर द्यावे, हे तिचे म्हणणे रास्तच होते. तो दाखला आम्ही किती अर्धवट समजुतीने दिला होता हे उत्तर शोधताना आम्हांस कळून आले. तो शोध आमच्या धर्मबंधूंच्या व धर्मशिक्षकांच्या उपयोगी पडेल, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

इलेक्ट्रॉन म्हणजे दूरच्या प्रयोगशाळेतील काही अद्‌भुत वस्तू, असा समज प्रथम दूर केला पाहिजे. बालाघाट जिल्हा तर एका अर्थी इलेक्ट्रॉनांवरच जगतो. शहरालगतच्या भरवेलीस भूगर्भात खोलवर गेलेली मँगनीजची खाण आहे. मलाजखंडला तांब्याचा प्रचंड साठा आहे. येथील मँगनीजधारी खडकांच्या एका प्रकाराला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंड समाजाच्या नावावरून 'गोंडाइट' असे नाव दिले. मँगनीजचा अणू घेतला तर त्यात २५ इलेक्ट्रॉन असतात, आणि त्या धातूचे सारे गुणधर्म या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून निपजतात. विजेरीच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड भरलेली असते ती मँगनीज डायऑक्साइडची. जस्ताने सोडलेले इलेक्ट्रॉन तारेतून व दिव्यातून फिरून येतात आणि ही काळी पूड त्यांचा स्वीकार करते. रात्री आजाऱ्याकडे तैलाभ्यंगासाठी जाताना आपल्या हातातील विजेरी याच देवघेवीवर पेटत असे. विहिरीत टाकावयाच्या परमँगनेटचा जांभळा रंगही इलेक्ट्रॉनाचीच करणी होय. त्या रेणूतील इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या अणूकडून मँगनीजकडे उडी घेतो, आणि या उडीस लागणारी ऊर्जा त्याला हिरव्या प्रकाशातूनच मिळते. हिरवा रंग असा गिळला गेला म्हणजे उरतो तो जांभळा. अशा ठराविक मापाच्या उड्या, मधल्या पायरीवर उभे राहण्यास मज्जाव, हेच पुंजसिद्धांताचे पहिले वैशिष्ट्य होय.

याहूनही नवल वाटावे अशी गोष्ट आमच्या साल-सागाच्या रानात घडते. झाडाच्या पानात चार मँगनीज अणू व एक कॅल्शियम अणू यांचा एक चिमुकला पुंजका असतो. सूर्यप्रकाशाच्या बळावर तो पाण्याच्या दोन रेणूंमधून एकामागून एक असे चार इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि त्यातून प्राणवायूचा एक रेणू मोकळा होतो. त्याची बारीक रचना जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली स्पष्ट केली. आपण घेतो तो प्रत्येक श्वास या चौघा मँगनीज अणूंचा ऋणी आहे. स्तोत्रसंहितेवर प्रवचन देताना हे सांगावयास काहीच हरकत नाही. येथे विज्ञानाकडून आपण काही सिद्ध करून मागत नाही, केवळ स्तुती करतो.

आता इलेक्ट्रॉनाच्या विलक्षण वागणुकीकडे वळू. जे. जे. टॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉन हा कण असल्याचे दाखवून दिले, आणि १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तीस वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यांच्याच पुत्राने, जॉर्ज टॉमसन यांनी, इलेक्ट्रॉन तरंगाप्रमाणे वागतो हे दाखविले आणि १९३७ चे पारितोषिक अमेरिकेतील डेव्हिसन यांच्यासह मिळविले. पित्याने कण दाखविला, पुत्राने तरंग, आणि दोघेही बरोबर ठरले. डेव्हिसन यांचा शोध तर एका अपघातातून लागला. १९२५ साली त्यांच्या प्रयोगशाळेत द्रवरूप हवेची बाटली फुटून उपकरण भंगले व आतील निकेलचा तुकडा गंजला. तो शुद्ध करण्यासाठी खूप तापविला असता त्यातील बारीक स्फटिक एकत्र होऊन मोठे झाले, आणि त्यावरून परतणारे इलेक्ट्रॉन तरंगांसारखे ठराविक दिशांनी उसळू लागले.

कण आणि तरंग ही दोन्ही वर्णने एकाच वस्तूला कशी लागू पडतात, हे पाहण्यास १९८९ साली जपानमध्ये टोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग उत्तम. त्यांनी इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की उपकरणात एका वेळी एकाहून अधिक इलेक्ट्रॉन जवळजवळ कधीच नसे. वाटेत विद्युतभारित अशी अतिशय बारीक तार होती. तिच्या डावीकडून वा उजवीकडून जाण्यास वाव होता. पलीकडच्या पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा एकच ठिपका उमटे. पहिले शे-दोनशे ठिपके भाताचे बी फेकावे तसे इतस्ततः पडलेले दिसतात. हजारो ठिपके जमल्यावर मात्र त्यांतून स्पष्ट उभे पट्टे उभे राहतात: एक दाट, एक रिकामा, पुन्हा एक दाट. असे पट्टे दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्या तरच पडू शकतात. परंतु इलेक्ट्रॉन तर एकेकटे आले होते! प्रत्येकाची लहर दोन्ही बाजूंनी गेली असे म्हणावे लागते, आणि तरी तो पडद्यावर पोहोचतो तो एकाच बिंदूत. तो बिंदू कोणता असेल, हे आधी सांगता येत नाही; सांगता येते ती केवळ संभाव्यता. हा संभाव्यतेचा अर्थ माक्स बॉर्न यांनी १९२६ साली लावला. हेच बॉर्न पुढे रामन यांच्या निमंत्रणावरून काही महिने बंगळूरला राहून गेले.

आणि इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूने गेला हे टिपण्याची सोय वाटेत केली, तर पट्टे नाहीसे होतात. तरुणीचा प्रश्न येथून उद्‌भवतो.

तिला ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट या प्रश्नाला अधिकच धार आणते. केरळात कोट्टायमजवळ एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले आणि काही वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले जॉर्ज सुदर्शन यांनी बैद्यनाथ मिश्र यांच्यासह १९७७ साली गणिताने असे दाखविले की, एखाद्या अस्थिर कणाचे सतत, क्षणोक्षणी निरीक्षण चालू ठेवले तर त्याचे विघटन थांबून राहील. टक लावून पाहिलेले बदलतच नाही! प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता झेनो याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो, आणि १९९० साली तो प्रयोगातही दिसून आला. म्हणजे परमेश्वराचे पाहणे हे या अर्थाचे निरीक्षण असते, तर केवळ पट्टेच पुसले गेले नसते, सृष्टीतील सारी हालचाल थबकली असती. जगात पाने फुटतात, मुले वाढतात, माणसे मरतात. अर्थात परमेश्वराचे पाहणे तसे नव्हे.

मग भौतिकशास्त्रात 'निरीक्षण' कशाला म्हणतात? पुष्कळ लोकप्रिय पुस्तिकांतून असे लिहिलेले आढळते की, मानवी मनाने पाहिल्यामुळे वस्तू अस्तित्वात येते. यातील 'मना'चा भाग आम्हांस निराधार वाटतो. २००४ साली व्हिएन्ना येथे शास्त्रज्ञांनी सत्तर कार्बन अणूंचे मोठे रेणू घेऊन असाच पट्ट्यांचा प्रयोग केला. रेणू खूप तापविले असता ते वाटेत स्वतःच प्रकाशाचे कण बाहेर टाकू लागले आणि पट्टे फिके होत गेले. तो प्रकाश कोणी पाहिला नव्हता, पाहण्याची तेथे कोणास आवश्यकताही नव्हती. रेणू कोठे होता याची खूण बाहेर जगात उमटली, एवढ्यानेच भागले. निरीक्षण म्हणजे देवाणघेवाण होय: एखादा प्रकाशकण आदळतो, एखादा हवेचा रेणू ढकलला जातो, वस्तूचा ठसा दुसऱ्या वस्तूवर राहतो. पाहणारा आणि पाहिलेले, दोन्ही एकाच जगाचे घटक असतात.

परमेश्वर मात्र जगाचा घटक नव्हे. आपल्या सेमिनरीत शिकविलेले तत्त्वज्ञान येथे अचानक कामास येते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ईश्वरविद्यासारसंग्रहाच्या पहिल्या भागातील चौदाव्या प्रश्नात स्पष्ट केले आहे की, आपले ज्ञान वस्तूंपासून येते, परंतु परमेश्वराचे ज्ञान वस्तूंपासून येत नसून तेच वस्तूंचे कारण असते. सुताराला टेबल बनविण्यापूर्वीच टेबल ठाऊक असते, आपल्याला ते पाहूनच कळते, असे स्थूलमानाने म्हणता येईल. परमेश्वराला इलेक्ट्रॉन जाणून घेण्यासाठी त्यावर प्रकाशाची तिरीप टाकावी लागत नाही. ज्याच्यामुळे इलेक्ट्रॉन क्षणोक्षणी अस्तित्वात टिकतो, त्याला त्याच्यापासून ठसा घ्यावयाचा नसतो. ठसा नाही, म्हणून पट्टे पुसले जाण्याचेही कारण नाही.

येथवर आम्ही त्या तरुणीस सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ठीक. पण इलेक्ट्रॉन डावीकडून गेला की उजवीकडून, हे देवाला ठाऊक असते की नाही?"

या पोटप्रश्नाचे उत्तर देताना धर्मशिक्षकाने सावध असावे, कारण येथे खुद्द शास्त्रज्ञांतच एकमत नाही. बोर यांच्या पंथानुसार, वाट टिपली गेली नसेल तेव्हा 'डावी की उजवी' या प्रश्नाला अर्थच नसतो. बोम यांनी १९५२ साली मांडलेल्या मतानुसार इलेक्ट्रॉनाला नेमकी वाट असते आणि लहर त्याला वळविते. फक्त ती वाट आपल्याला कळत नाही. दोन्ही मते सारख्याच प्रयोगफलांशी जुळतात. बोम यांचे खरे असेल तर परमेश्वराला वाट ठाऊक आहे. बोर यांचे खरे असेल तर वाटच नाही, आणि नसलेली वाट ठाऊक नसणे म्हणजे अज्ञान नव्हे. त्रिकोणाचा चौथा कोन परमेश्वराला ठाऊक नाही म्हणून त्याच्या सर्वज्ञतेस उणेपणा येत नाही. आपण कोणत्याही एका मताला ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून बांधून घेण्याचे कारण नाही. उद्या ते मत पडले तर श्रद्धेवर नाहक शिंतोडे उडतात.

आता आमच्या प्रवचनाविषयी. इलेक्ट्रॉन अडसर पार करतो हे खरे. याच गुणावर चालणारा सूक्ष्मदर्शक १९८१ साली सिद्ध झाला आणि १९८६ साली त्याच्या निर्मात्यांना नोबेल मिळाले. परंतु अडसर जसजसा जाड आणि वस्तू जसजशी जड होत जाते, तसतशी ही शक्यता इतक्या वेगाने घटते की मानवी देह दारातून पार होणे विश्वाच्या सबंध आयुष्यातही घडावयाचे नाही. ही झाली गणिताची चूक. धर्मशास्त्राची चूक याहून मोठी होती. पुनरुत्थित प्रभूचे येणे ही निसर्गातील एक अतिदुर्मीळ घटना आहे, असे आम्ही नकळत सांगून बसलो. पुनरुत्थान हे नव्या सृष्टीचे पहिले फळ, अशी आपली श्रद्धा. ते जुन्या सृष्टीतील योगायोगांच्या यादीत टाकून आम्ही त्याचा मान वाढविला नाही.

याच जातीचा आणखी एक दाखला अनेक व्यासपीठांवरून ऐकू येतो: इलेक्ट्रॉन जसा कणही आणि तरंगही, तसा ख्रिस्त देवही आणि मनुष्यही. ऐकावयास हे गोड लागते. पण विचार करावा. बोर यांच्या पूरकतेच्या तत्त्वानुसार, ज्या मांडणीत इलेक्ट्रॉनाची वाट कळते तीत पट्टे दिसत नाहीत, आणि ज्या मांडणीत पट्टे दिसतात तीत वाट कळत नाही. एक बाजू उजेडात आली की दुसरी झाकते. खाल्सेदोनच्या धर्मसभेने ४५१ साली याच्या नेमके उलट सांगितले: एकाच व्यक्तीत दोन स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. इलेक्ट्रॉनाचा दाखला शेवटपर्यंत ओढला तर ख्रिस्त कधी देव तर कधी मनुष्य असा निघतो. वधस्तंभावर देवपण झाकलेले आणि ताबोर पर्वतावर मनुष्यपण झाकलेले, असा उपदेश आपण करू लागू. धर्मशिक्षकांनी हा दाखला सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रसंगाने सांगावेसे वाटते की, श्रोडिंगर उपनिषदांचे चाहते होते, म्हणून कित्येक जण पुंजसिद्धांतावर अद्वैताचा हक्क सांगतात, आणि आपण त्रैक्याचा सांगतो. इलेक्ट्रॉनाने अद्याप कोणत्याही पंथाचा बाप्तिस्मा वा दीक्षा घेतलेली नाही.

यदृच्छेचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे, आणि तो वर्गात नव्हे, आजाऱ्याच्या उशाशी येतो. आपल्या हाडामांसात पोटॅशियम असते. त्याचा अगदी थोडा अंश किरणोत्सारी आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात अशा अणूंची दर सेकंदाला सुमारे ४,००० विघटने होतात, आणि बहुतेक वेळी त्यातून एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर पडतो. कोणता अणू केव्हा फुटेल यास, पुंजसिद्धांताच्या रूढ अर्थानुसार, निसर्गात कोणतेही पूर्वकारण नाही. बहुतेक वेळी काही बिघडत नाही, कारण पेशी आपली दुरुस्ती करते. परंतु पेशीतील एखाद्या साखळीवर असा घाव बसून तो चुकीचा सांधला जाणे अशक्य नाही. मुलाला रक्ताचा कर्करोग झालेली माता जेव्हा "माझ्याच बाळाला का?" म्हणून विचारते, आणि डॉक्टर "योगायोग" म्हणतात, तेव्हा आपण घाईने "देवाची इच्छा" म्हणून मोकळे होतो.

विल्यम पोलार्ड हे अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक पुढे धर्मगुरू झाले. त्यांनी १९५८ साली असे मांडले की, निसर्गनियमांनी मोकळ्या ठेवलेल्या शक्यतांतून कोणती घडावी हे परमेश्वर ठरवितो. ही कल्पना प्रथमदर्शनी आकर्षक वाटते, परंतु आम्हांस ती पटत नाही. तिच्यानुसार परमेश्वर हे निसर्गातील एक लपलेले बळ ठरते, आणि त्या बाळाच्या पेशीवरील घावही थेट त्याच्याच हातचा ठरतो. केंब्रिजचे प्राध्यापकपद सोडून १९८२ साली धर्मगुरू झालेले जॉन पोल्किंगहॉर्न यांनी आयुष्याची अनेक वर्षे याच गणितात घालविली होती. ईश्वरी कार्याला पुंजसिद्धांताच्या फटीत बसविण्याबाबत तेही साशंकच होते. आपली जुनी परंपरा सांगते की परमेश्वर आदिकारण आहे आणि निसर्गातील कारणे दुय्यम आहेत; दुय्यम कारणांत निश्चित घडणारी असतात, तशीच यदृच्छेने घडणारीही असतात, आणि दोन्ही त्याच्या आधारानेच आहेत. यामुळे त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर मिळते असे आम्ही म्हणत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले तेव्हा प्रभूनेही हिशेब मांडून दाखविला नाही. ते इतरांहून अधिक पापी होते हे मात्र त्याने साफ नाकारले. एवढे तरी आपण त्या घरात म्हणू शकतो, आणि नंतर गप्प बसू शकतो.

असे विषय धर्मगुरूच्या कक्षेबाहेरचे आहेत, असे काही बंधूंना वाटेल. त्यांस नागपूरचे स्टीफन हिस्लॉप आठवावेत. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी १८४५ पासून १८६३ साली बुडून मरण येईपर्यंत या प्रदेशात शाळा चालवीत होता, आणि त्याच वेळी येथील खडक, जीवाश्म आणि गोंड समाजाच्या कथा जमवीत होता. भूवैज्ञानिक आजही त्याचे नाव आदराने घेतात. खडकांतून त्याने सिद्धांत पिळून काढले नाहीत. खडक काय सांगतात ते त्याने लिहून ठेवले.

त्या तरुणीचा शेवटचा प्रश्न दोन आठवड्यांनी आला. "फादर, देवाचे पाहणे म्हणजे मापन नव्हे, हे कळले. मग बायबलात देव 'पाहतो' असे का म्हटले आहे?" आम्ही तिच्याबरोबर उत्पत्तीचा सोळावा अध्याय वाचला. घरातून पळालेली गरोदर दासी हागार रानात झऱ्याजवळ बसली असता तिला देवदूत भेटतो, आणि ती परमेश्वराला 'पाहणारा' अशा अर्थाचे नाव देते. संपूर्ण बायबलात परमेश्वराला नाव देणारी ही पहिली व्यक्ती, आणि ती दासी. तेथे पाहण्याचा अर्थ माहिती मिळविणे असा लागूच शकत नाही, असे ती तरुणीच म्हणाली. हागार कोठे आहे हे कळण्यासाठी देवाला झऱ्यावर यावे लागले नसते. पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तिनेच जपानी प्रयोगातील ठिपके फळ्यावर काढून दाखवावेत असे ठरले आहे. ज्या धर्मशिक्षकांनी तिला खाली बसविले होते, त्यांनीच तिला खडू आणून ठेवतो म्हणून सांगितले.